पडद्यावरचं जहाज किती जुनं आहे?

पेडण्याहून येऊन गोव्याच्या किनाऱ्यावरच्या एका जहाज-नियंत्रण खोलीत मी रुजू झालो, तेव्हा पहिले काही दिवस पडद्याकडे बघून डोळे दुखायचे. झुआरीचं मुख, मुरगावचं टोक, बाहेर नांगरलेली जहाजं आणि त्या सगळ्यांत सरकणारे त्रिकोण. नवा माणूस त्रिकोण बघतो आणि म्हणतो, जहाज इथे आहे. आमच्या वरिष्ठांनी पहिल्याच पाळीत मला थांबवलं. "इथे आहे असं म्हणू नको. कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं, ते आधी बघ."

त्रिकोण एआयएसचा असतो, म्हणजे जहाजावरचं यंत्र रेडिओवरून स्वतःबद्दल सांगतं ते. चालतं जहाज चौदा नॉटपेक्षा (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) हळू असेल तर दर १० सेकंदांनी जागा कळवतं. बारा नॉटने तेवढ्यात ते साठेक मीटर पुढे गेलेलं असतं. नांगरलेलं जहाज मात्र ३ मिनिटांनी एकदाच बोलतं. म्हणून चिन्हावर क्लिक केलं की नावाआधी शेवटच्या संदेशाची वेळ वाचा. 'नांगरलेले' ही स्थिती खलाशी हाताने भरतो आणि निघताना बदलायला विसरतो. तिथे वेगाचा आकडा खरा धरायचा.

रडार म्हणजे आपण स्वतः पाहिलेलं. पण पावसाची सर आली की पडद्यावर पांढरा गठ्ठा उठतो, तो घालवायला फिल्टर वाढवला की लहान होडीही त्याच्याबरोबर पुसली जाते. लाकडी किंवा फायबरच्या होडीचा प्रतिध्वनी मुळातच क्षीण, आणि बहुतेकींवर एआयएस नसतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा फिल्टर चढा राहिला तरी फारसं कुणाला जाणवत नाही. १ ऑगस्टला ट्रॉलर आणि होड्या बाहेर पडतात, पाऊस मात्र चालूच असतो. त्या दिवशी पाळी घेताना सगळ्यात आधी फिल्टर तपासा.

वेक्टरची रेघ, म्हणजे जहाज याच वेगाने सरळ गेलं तर कुठे पोचेल ते दाखवणारी रेघ, हा नवख्यांचा दुसरा सापळा. रेघ पुढच्या किती मिनिटांची आहे यावर तिची लांबी ठरते. सहा मिनिटांवर ठेवली तर हिशेब सोपा: दहा नॉटच्या जहाजाची रेघ बरोबर एक सागरी मैल. आधीच्या पाळीने ती तीस मिनिटांवर सोडली होती आणि मी ते पाहिलं नव्हतं. झुआरीत दोन बार्जच्या (माल वाहणाऱ्या सपाट बोटींच्या) रेघा एकमेकींना छेदताना दिसल्या आणि मी घाईघाईने व्हीएचएफ रेडिओवर हाक मारली. बार्जवाल्याने शांतपणे कोकणीत सांगितलं की नदी पुढे वळते, तोही वळणारच आहे. रेघ सरळ जाते, नदी जात नाही. माझ्या त्या हाकेने चॅनेल अडला आणि आत येणारं एक जहाज उत्तराची वाट पाहत राहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं. बार्जची वाटही ऋतूप्रमाणे बदलते: पावसाळ्यात आग्वादचा वाळूचा बांध धोक्याचा होतो, म्हणून मांडवीतल्या बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्याने झुआरीत उतरतात. त्या दिवसांत पणजीच्या बाजूला त्यांना शोधत बसू नका.

सगळ्यात जास्त लक्ष मात्र नांगरलेल्या जहाजांवर द्यावं लागतं, कारण ती हलत नाहीत असं आपण गृहीत धरतो. वारा आणि ओहोटी-भरती यांच्यासमोर सगळी जहाजं साधारण एकाच दिशेला नाळ (पुढचं टोक) करून उभी राहतात. एखाद्याचंच तोंड वेगळं दिसलं तर थांबा. रिकामं जहाज उंच तरंगतं, ते वाऱ्याचं ऐकतं, भरलेलं प्रवाहाचं. तसा खुलासा होत नसेल तर पडद्यावर त्या जहाजाची मागची वाट चालू करा. नांगर धरून असलेलं जहाज डुलत कमान काढतं. नांगर घसरला की वाट ती कमान सोडून वारा वाहतो त्या दिशेला लांबत जाते आणि वेग अर्धा-पाऊण नॉट दिसतो. हा आकडा इतका लहान असतो की डोळा त्याच्यावरून सरळ निघून जातो.

जुलैतल्या एका रात्री चार जहाजांपैकी तिघांची नाळ नैऋत्येला होती आणि चौथं वाऱ्याला आडवं. कप्तानाला विचारलं, तर तो म्हणाला नांगर पक्का आहे. मी त्याला त्याचीच वीस मिनिटांपूर्वीची जागा आणि आत्ताची जागा, दोन्ही आकडे वाचून दाखवले. थोडा वेळ चॅनेलवर शांतता होती. मग त्याने इंजिन चालू करत असल्याचं कळवलं.