यात्रेआधी घोडा भादरताना

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तापीकाठच्या त्या घोडेबाजारात जनावर न्यायचं असलं की आमच्या शहादा-दोंडाईचा भागात महिनाभर आधीच विचारणा सुरू होते, "ताई, घोडीचे केस वाढलेत, मशीन मारू का?" मी आधी उलट विचारते, घोडी काम किती करते?

थंडीचे दाट केस मुख्यतः दिवस लहान होऊ लागले की येतात. त्यामुळे आपल्याकडे दुपारी ऊन तापत असलं तरी घोड्याच्या अंगावर घोंगडी चढलेलीच असते. रेवाल चालीची (धक्के न देता भरभर जाणारी चाल) मेहनत रोज घेणारा घोडा त्या केसांत घामाने भिजतो, संध्याकाळपर्यंत वाळत नाही आणि रात्री गारठतो. अशा घोड्याचे केस जरूर काढा. जो नुसता दावणीला उभा असतो, त्याला खरारा (दातेरी ब्रशने अंग घासणं) पुरे. फक्त बाजारात चमकावा म्हणून त्याचं पांघरूण काढून घेणं मला पटत नाही.

काढायचे तेही घाम येतो तिथलेच. मानेची खालची बाजू, छाती, कोपरामागचा भाग, पोट. पाठ, पुठ्ठे आणि पाय तसेच ठेवा. खोगिराखालचे केस गादीचं काम करतात आणि पायावरचे केस काटेकुटे अडवतात. हद्द आधी खडूने आखून घ्या. दोन्ही बाजू सारख्या आल्या का, हे समोरून आणि मागून लांब उभं राहून बघा. कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ-शेपूट) घोडा भादरला की रंग फिका, मातकट दिसतो, हे गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी तुम्हाला ठाऊक असावं. कडेच्या रेघा आठ-दहा दिवसांत मिसळून जातात, म्हणून यात्रेच्या आदल्या दिवशी मशीन हातात घेऊ नका.

मशीन घोड्यांचं किंवा गुरांचं घ्या. मेंढ्यांची लोकर उतरवायच्या मशीनचे फणे वेगळे असतात, ते घोड्याच्या पातळ कातडीला फाडतात. पाती मध्यम, धार लावलेली. पाती घट्ट किती आवळायची ते मशीनच्या कागदावर दिलेलं असतं, अंदाजाने पिळू नका. दुसऱ्याच्या तबेल्यातून आणलेली पाती जंतुनाशकाने धुतल्याशिवाय लावायची नाही, गजकर्ण असंच एका घोड्यावरून दुसऱ्यावर जातं. शक्यतो बॅटरीचं मशीन बरं. वायरचं असेल तर ईएलसीबी (वीज गळाली की आपोआप बंद होणारा स्विच) असलेल्या बोर्डालाच जोडा, जमीन कोरडी हवी, खाली रबरी मॅट हवी, वायर खांद्यावरून मागे सोडलेली हवी. पायात नाल असलेलं जनावर वायरवर पाय देणार नाही, याची जबाबदारी तुमची.

आदल्या दिवशी घोड्याला धुऊन पूर्ण वाळू द्या. मळलेल्या केसांत पाती अडकते, तापते आणि अंगावर पट्टे उमटतात. ओल्या अंगावर तर मशीन लावूच नका.

आता घोड्याची मनधरणी, आणि इथे घाई कराल तर पुढचं सगळं बिघडेल. काही दिवस आधीपासून चारा खाताना लांबून मशीनचा आवाज ऐकवा. मग बंद मशीन खांद्यावरून फिरवा. मग आपला डावा हात त्याच्या अंगावर ठेवून चालू मशीन त्या हातावर टेकवा, म्हणजे थरथर आधी हातातून पोचते. मोरखी (तोंडाला बांधलेली दोरी) धरणारा माणूस तुमच्याच बाजूला उभा राहू द्या, घोडा बिथरला तर पुठ्ठा तुमच्यापासून लांब वळवता येतो. पोटाखाली काम करताना बसायचं नाही, वाकायचं, आणि पायात जाड बूट हवेत. तरीही उभा राहत नसेल तर गुंगीचं इंजेक्शन पशुवैद्यकांकडूनच द्या. गुंगीतला घोडाही लाथ मारतो, हे विसरू नका.

सुरुवात खांद्यापासून, तिथे गुदगुल्या कमी. केसांच्या उलट दिशेने, पाती अंगाला सपाट टेकवून, लांब सरळ ओढ घ्या. दुसरी ओढ पहिलीवर थोडी चढलेली असावी. दाब द्यायचा नाही, मशीनच्या वजनाने ती चालते. कोपरामागे आणि मांडीच्या घडीत कातडी सैल असते. तिथे मदतनिसाला पुढचा पाय हळूच पुढे ओढायला सांगा, दुसऱ्या हाताने घडी ताणा. जखमा सर्वांत जास्त याच दोन जागी होतात.

भोवऱ्यांपाशी, म्हणजे केस गोल फिरतात तिथे, विशेष जपा. आपल्याकडे घेणारा माणूस आधी खोडी (अशुभ मानलेला भोवरा) आणि देवमण (शुभ मानलेला भोवरा) बघतो. भोवऱ्यात केस सगळीकडे फिरतात, तेव्हा मशीनही चहूबाजूंनी मध्याकडे आणा, म्हणजे तो ओळखू येईल असा राहतो.

दर पाच-दहा मिनिटांनी पातीला तेल द्या आणि ती मनगटाला लावून बघा. चटका बसला तर थांबा, गार होऊ द्या. कानाच्या आतले केस माशा-किडे अडवतात, ते काढू नका. कान मिटून बाहेर आलेले तेवढेच कातरा. ओठांवरच्या आणि डोळ्यांभोवतीच्या लांब मिशांना हात लावू नका, घोडा त्यांनी जवळचं चाचपतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने २०२१ पासून मिशा कापलेल्या घोड्यांना स्पर्धेत बंदी केली आहे. आपल्या बाजारात अजून चेहरा गुळगुळीत करतात, ते थांबायला हवं.

झाल्यावर मऊ ब्रशने अंग झाडा, कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. रात्रीपासून झूल घाला. तापीकाठी पहाटे गारठा बोचतो आणि उघडं पोट आधी गारठतं. पाठीवरची झूल पोटालाही थोडी वेढेल अशी बांधा.

संक्रांतीनंतर मशीन बाजूला ठेवा. नवे उन्हाळी केस वर येऊ लागतात, ते कापले गेले तर अंग निस्तेज दिसतं. आणि म्हाताऱ्या घोड्याचे दाट केस वैशाखातही झडत नसतील तर भादरण्याआधी डॉक्टरांना दाखवा. पिट्युटरी ग्रंथीच्या आजारात असं होतं, आणि त्याला औषध आहे.