दूध तोडताना वराहाच्या पिल्लांना प्रोबायोटिक कसे द्यावे

प्रोबायोटिकची, म्हणजे आतड्याला उपयोगी जिवंत जिवाणूंची, पुडी उघडण्याआधी चिकाकडे, म्हणजे विण्यानंतरच्या पहिल्या दुधाकडे, पाहावे. वराहाच्या मादीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भापर्यंत जात नाहीत, त्यामुळे जन्मल्यानंतर पहिल्या 24 तासांत, शक्यतो पहिल्या काही तासांतच, प्रत्येक पिल्लाच्या पोटात पुरेसा चीक गेला पाहिजे. ही उणीव कोणताही जिवाणू भरून काढत नाही.

पुढे दुधातील आयजीए या प्रकारची प्रतिपिंडे आतड्याचे रक्षण करतात. तीन-चार आठवड्यांनी दूध तोडले की ते छत्र एकाएकी जाते, पिल्लाची स्वतःची आयजीए मात्र अजून तोकडी असते, आणि ई. कोलाय या जिवाणूची हगवण नेमकी याच फटीतून शिरते. प्रोबायोटिकचे काम येथे आहे. या जिवाणूंच्या पेशीभित्तिकेतील घटक आतड्यातील रोगप्रतिकारक पेशींच्या ग्राहींना, म्हणजे संकेत टिपणाऱ्या रेणूंना, चेतवतात. त्यातून आयजीए तयार करणाऱ्या पेशींना संकेत मिळतो, तर जिवाणूंचे काही वाण (उपप्रकार) आयएल-10 सारख्या दाह शमवणाऱ्या रेणूंमार्फत अतिरेकी दाह आवरतात.

रोगप्रतिकारक पेशींचे हे शिक्षण एका दिवसात होत नाही. म्हणून दूध तोडण्याच्या दिवशी नव्हे, तर त्याआधी किमान आठवडाभर पिल्लांच्या पूरक खाद्यातून सुरुवात करावी आणि नंतर दोन-तीन आठवडे खंड पडू देऊ नये. विण्याआधी दोन आठवड्यांपासून मादीलाही दिल्यास उत्तम, कारण पिल्लाच्या आतड्यात पहिले जिवाणू बहुतांशी तिच्याकडूनच येतात. एक किलो खाद्यात साधारण 100 कोटी जिवंत जिवाणू हे प्रमाण प्रचलित आहे. तरी वेष्टनावरील मात्राच पाळावी. हॉटेलचे उरलेले अन्न उकळून देणाऱ्यांनी ते पूर्ण निवल्यावरच पूड मिसळावी. गोळीखाद्य बनवताना उष्णता लागते, म्हणून त्यासाठी बॅसिलस जिवाणूंचे वाण घ्यावेत, कारण त्यांचे बीजाणू उष्णता सोसतात आणि लॅक्टोबॅसिलस जिवाणू सहसा सोसत नाहीत. क्लोरीनच्या पाण्यातून किंवा प्रतिजैविकाबरोबर देणे म्हणजे बहुधा पैसे वाया घालवणे होय.

वाण निवडताना केवळ ‘प्रतिकारशक्ती वाढते’ या शब्दांवर विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. जर्मनीतील एका प्रयोगात एन्टेरोकॉकस फेसियम या प्रोबायोटिक जिवाणूचा एक वाण दिलेल्या पिल्लांत साल्मोनेला या रोगकारक जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडे वाढली, पण विष्ठेतून साल्मोनेलाही अधिक बाहेर पडला. त्यामुळे हिशेब गोठ्यातच ठेवावा: एकाच वेतातील निम्म्या पिल्लांना वेगळ्या कप्प्यात प्रोबायोटिकविना ठेवून दोन्हींकडची रोजची हगवण, आठवड्याचे वजन आणि मरतूक वहीत लिहावी. विष्ठेत रक्त दिसले किंवा पिल्लू खाईनासे झाले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकास बोलवावे.