एकत्र ड्रिलला निघण्याआधी

धुळे-शिरपूरला विमान शिकलेली पोरं आणि जळगाव-भुसावळहून केबिन क्रूमध्ये गेलेल्या पोरी एकाच कंपनीत असल्या, तरी आपत्कालीन ड्रिलला समोरासमोर येतात तेव्हा एकमेकांचं काम अर्धंच ठाऊक असतं. म्हणून बॅग भरण्याआधी समोरच्याचं पुस्तक उघडा. वैमानिकाने विमान रिकामं करायची केबिनची पद्धत वाचावी. केबिनवाल्यांनी इंजिनाला आग लागल्यावर कॉकपिटमध्ये काय काय आवरावं लागतं ते वाचावं. म्हणजे इंटरकॉम लगेच का उचलला जात नाही, ते कळेल.

ड्रिल जळगावला येतं त्या एटीआर 72 चं, म्हणजे इंजिनांवर पंखे (प्रोपेलर) असलेल्या विमानाचं असेल, तर दारं पाठ हवीत. प्रवासी मागून चढतात, कॉकपिटच्या मागे सामानाचा कप्पा आणि पुढचे आपत्कालीन दरवाजे पंख्यांच्या बाजूला. पंखे थांबवणं वैमानिकाच्या हातात, माणसं उतरवणं केबिनच्या. तेव्हा पंखे थांबल्याचं कोण कोणाला कसं सांगणार, हे जाण्याआधीच विचारून घ्या.

संकटात कॉकपिटमधून केबिनला द्यायच्या निरोपाचा क्रम तोंडात बसवा: काय झालं, आता काय करणार, वेळ किती, खास सूचना काय. ऐकणाऱ्याने तो तसाच परत म्हणून दाखवायचा. घरी मोठ्याने सराव करा, लोक हसले तरी चालेल.

खरी तयारी मात्र जिभेची. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, हे आपल्याकडे लहानपणापासून अंगात भिनलेलं. त्यात खांद्यावर चार पट्ट्यांचे कॅप्टनसाहेब. ‘त्यांना माहीतच असेल’ हा विचार घरी ठेवून जा. 1989 मध्ये इंग्लंडमधल्या केगवर्थजवळ बोईंग 737 पडलं. बिघाड डाव्या इंजिनात, बंद केलं गेलं उजवं. मागे बसलेल्यांनी डावीकडच्या ज्वाळा पाहिल्या होत्या, पण ते कॉकपिटपर्यंत पोचलंच नाही. 47 माणसं गेली. उलट 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान पेटलं, आतली घोषणा-यंत्रणा बंद पडली, तरी मेगाफोन आणि नुसत्या आवाजावर 379 जण बाहेर आले. मागचं दार तर कॉकपिटशी संपर्क होत नसताना क्रूने स्वतः ठरवून उघडलं. हे दोन्ही प्रसंग नीट वाचून जा. कॅप्टन मंडळींनी तर जरूरच.

बाकी किरकोळ. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, लेसचे बूट, नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या घरी. आदल्या रात्री झणझणीत शेवभाजी नको, धुराच्या खोलीत जायचंय. विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेल्यांनीही पाण्यातल्या ड्रिलची सूचना ऐकावी: लाइफ जॅकेट दाराबाहेर पडतानाच फुगवायचं. आत फुगवलं आणि पाणी चढलं, तर माणूस छताला अडकतो.

वही-पेन असू द्या. ड्रिलनंतरच्या बैठकीत सगळ्यात नव्या मुलीला आधी बोलू द्या, असं प्रशिक्षकांना अगोदरच सांगून ठेवा. कॅप्टन आधी बोलले की बाकीचे त्यांचीच री ओढतात.