सिनेमातल्या आडून बोललेल्या संवादांवर प्रोजेक्ट करताय? मग हे वाचा

सोलापुरात राहून सिनेमाच्या संवादांवर, त्यातही समलैंगिकता सूचक पद्धतीने कशी येते यावर प्रोजेक्ट करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "हा कसला विषय घेतला?" हा प्रश्न ऐकून मागे हटू नका, विषय खरंच मोठा आहे.

सुरुवात सेन्सॉरपासून करा. हॉलीवूडमध्ये 1934 पासून हेज कोड, म्हणजे सिनेमात काय दाखवायचं नाही याची नियमावली, कडक लागू झाला, समलैंगिकतेचा नुसता इशारासुद्धा चालायचा नाही, 1961 मध्ये थोडी सूट मिळाली आणि 1968 मध्ये कोड जाऊन कुठला सिनेमा कुठल्या वयाला ते सांगणारं रेटिंग आलं. म्हणजे तिकडचे लेखक आडून बोलत होते ते हौस म्हणून नाही, सरळ बोलायला बंदी होती म्हणून.

सरावाला 1960 चा 'स्पार्टाकस' घ्या. रोमन सरदार क्रॅसस हमामात बसलाय, गुलाम अँटोनिनस त्याची सेवा करतोय आणि क्रॅसस विचारतो, कालवं खातोस का, गोगलगायी खातोस का, मग यातलं एक खाणं नैतिक आणि दुसरं अनैतिक असतं का, आणि शेवटी सांगतो की मला दोन्ही आवडतात. शरीराचा एक शब्द नाही पण विचारणारा मालक आहे आणि समोरचा गुलाम, त्यामुळे साध्या खाण्याच्या प्रश्नातसुद्धा धाक आहे, तो गुलामाच्या तुटक उत्तरांत ऐका. हा सीन तेव्हा कापला होता, 1991 मध्ये परत जोडला तेव्हा मूळ आवाज मिळाला नाही आणि क्रॅससचं काम केलेले लॉरेन्स ऑलिव्हिए हयात नव्हते म्हणून त्यांचा आवाज अँथनी हॉपकिन्सनी दिला. सीन काढून सिनेमा बघा, गुलाम पुढे का पळून जातो ते नीट लागतच नाही.

आपल्याकडे मात्र सगळी संदिग्धता एका पोत्यात भरू नका. 2003 च्या 'कल हो ना हो' मधल्या घरकाम करणाऱ्या कांताबेनला दोन मित्र जोडपं आहेत असा गैरसमज होतो आणि थिएटर हसतं, तिथे लपवायचं काहीच नाही, हसू कुणावर येतंय ते लिहा. त्याउलट 1982 च्या 'उंबरठा' मध्ये महिलाश्रमातल्या दोन बायकांचं नातं येतं, तिथे कोण चिडतं, कोण गप्प बसतं, कोण विषय बदलतं ते टिपा. आणि समलैंगिक संबंध कलम 377 खाली गुन्हा नाहीत हा सुप्रीम कोर्टाचा निकाल 6 सप्टेंबर 2018 चा, त्याआधीचा सिनेमा बघताना हे डोक्यात ठेवायचं.

काम करताना सीन आधी चित्र न बघता ऐका, मग आवाज बंद करून बघा, वहीत वाक्य आणि बोलण्याआधीचा पॉज दोन्ही लिहा. सबटायटलवर विसंबू नका, त्यात आडपडदा बऱ्याचदा उडून जातो. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे मित्र असतातच, त्यांच्यासोबत बसून बघा, तोच डायलॉग त्यांना वेगळा ऐकू येतो. पुस्तकं, जुने कागद लागले तर हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन फिल्म अर्काइव्हची लायब्ररी गाठा, जाण्याआधी फोन करून परवानगीचं विचारा.

व्हायवाला हमखास विचारतात, "दिग्दर्शकाला हेच म्हणायचं होतं कशावरून?" सरळ सांगा की त्यांच्या मनातलं मी सिद्ध करत नाहीये, या वाक्यातून दोन अर्थ निघतात आणि दोन्हीला सीनमध्ये काय आधार आहे तेवढं दाखवतोय. आणि नटाच्या खाजगी आयुष्यावरची गॉसिप पुरावा म्हणून एका ओळीतसुद्धा घालू नका.