पातळ कातड्यावर पंचने पाडलेल्या भोकाची कड फाटत होती, ती कशी थांबली: माझा अनुभव

परभणीत मी पाकिटं शिवतो. शेळीचं 1 मिमी कातडं, त्याला 2 मिमीचं भोक. पंच (भोक पाडायची धारदार तोंडाची पोकळ नळी) मारला की भोकातली चकती अर्धी तुटायची, अर्धी लोंबायची. खाली लोखंडी पाट होता. जोर वाढवून पाहिला. आरी (चांभाराचं टोचायचं हत्यार) लावली, पण आरी कातडं कापत नाही, नुसतं बाजूला सारते. भोक परत मिटतं. दोन पाकिटं वाया गेली, जीव नुसता कावला.

जमलं ते असं. आधी पंचच्या नळीत दाटलेल्या जुन्या चकत्या दाभणाने काढल्या. त्यांच्यामुळे नवी चकती वर सरकतच नव्हती. मग 1000 नंबरच्या वॉटर पेपरवर (बारीक घासकागदावर) पंच तिरका धरून, गोल फिरवत फक्त बाहेरून धार लावली. आतून घासू नका, भोक मोठं होतं. लोखंडी पाट काढला, त्यानेच धार वळत होती. त्याजागी बाभळीच्या ओंडक्याचा आडवा काप, वर जाड कातड्याचा तुकडा, त्यावर पोस्टकार्ड, मग पाकिटाचं कातडं. पंच अगदी उभा, लाकडी मोगरीचा एकच ठोका.

चकती आता नाण्यासारखी गोल निघते. फिरत्या तोंडाची पंच-पक्कड असेल तर कातड्याखाली तेच पोस्टकार्ड ठेवा आणि दाबलेलं असतानाच पक्कड किंचित डावी-उजवी फिरवा.