स्थानिकासोबत रत्नागिरी पाहताना जेवणाचे आधी ठरवा

एखाद्या हौशी स्थानिक स्वयंसेवकाबरोबर रत्नागिरी पाहणार असाल, तर त्याच्यासह गट सहा जणांपुरताच ठेवावा, म्हणजे दोन रिक्षांत सारे मावतात आणि घरगुती खानावळीत एकाच पंगतीला बसता येते. टिळकांचे जन्मस्थान व १९३१ सालचे पतितपावन मंदिर सकाळी उरकावे; ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा जेथे १९१६ साली मृत्यूपर्यंत नजरकैदेत होता, त्या राजवाड्याला मात्र सवड ठेवावी.

खरी गफलत होते ती जेवणात. घरगुती खानावळीत ताटे मोजून रांधतात, त्यामुळे किती जण मासे खाणार आणि किती जण शाकाहारी, हे आदल्या दिवशीच कळवावे; सोमवारी किंवा श्रावणात बेत असल्यास मासे मिळतील ना, हेही विचारून घ्यावे. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट नको. बांगड्याच्या तिखल्यातले, म्हणजे तिखट कालवणातले, तिरफळ हे मसाल्याचे फळ चावू नये, बाजूला काढावे. जीभ बधिर होते. स्वयंसेवक मानधन घेत नसला, तरी त्याचे जेवण व रिक्षाभाडे गटाने वाटून घ्यावे, आणि हे त्याला निघण्यापूर्वीच सांगावे, कारण भिडेपोटी तो स्वतः कधी विषय काढणार नाही.