धाकट्यासाठी कपडे ठेवताना: आधी तेल काढा

मोठ्या बाळाचे कपडे धाकट्यासाठी ठेवायचे असतील तर पहिलं काम म्हणजे तेल काढणं. नुसतं धुणं पुरत नाही. आपल्याकडे बाळाला रोज मालिश होते, टाळू भरतात, आणि आंघोळीला डाळीचं पीठ लावलं तरी कानामागचं, मानेच्या वळीतलं, जावळातलं तेल राहतंच. ते झबल्याच्या गळ्याला, पाठीला आणि टोपड्याच्या आतल्या बाजूला लागतं. रोजच्या धुण्यात वरचा मळ जातो, पण तेलाचा पातळ थर सुतात राहतो आणि तो दिसत नाही. घडी घालताना कपडा पांढरा असतो, साबणाचा छान वास येत असतो. दीड-दोन वर्षं बंद राहिला की तेच तेल हवेने खवट होतं आणि पिवळं पडतं. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं. बाळंतविड्यातली मलमलची झबली डब्यातून निघाली ती गळ्याभोवती पिवळी कड घेऊन, आणि वास जुन्या फरसाणाच्या डब्यासारखा. एवढा मुरलेला डाग मग सहसा निघत नाही. मलमल घासून घासून विरते, डाग तिथेच. म्हणून बाकीची तयारी नंतर, आधी तेल.

ठेवायचं काय, हे पटकन ठरवा. जन्मापासून वर्षभरापर्यंतचे कपडे ठेवण्यासारखे असतात, कारण मूल ते झिजवण्याआधीच वाढतं. दीड-दोन वर्षांनंतर पँटचे गुडघे आणि बाह्यांची कोपरं जातात, तिथे आठवण म्हणून एखाददुसरं ठेवा, बाकीचं देऊन टाका. आतले कपडे नकोत. वापरलेले बूटही नकोत. बूट पहिल्या मुलाच्या पायाच्या ठेवणीप्रमाणे वाकलेले असतात.

आता तेल. कपडा खिडकीशी उजेडासमोर धरा, तेलकट भाग थोडा पारदर्शक दिसतो. शंका असेल तिथे पाण्याचा एक थेंब टाका. स्वच्छ सुती कापड थेंब लगेच पिऊन टाकतं, तेल असेल तिथे तो मोत्यासारखा क्षणभर वर थांबतो. गळा, काखा, पाठीचा मधला भाग, टोपड्याची कड आणि टाळूवर येणारा गोल, दुपट्याचा डोक्याकडचा कोपरा या जागा तपासल्याशिवाय कपडा पुढे जाऊ देऊ नका. टोपडी सगळ्यांत वाईट. ती सगळीच तेलकट समजा, तपासत बसू नका.

सापडलेल्या डागावर भांडी घासायचं लिक्विड कोरड्याच कपड्यावर लावा, बोटांनी हलकं चोळा आणि अर्धा तास ठेवा. आधी पाण्यात भिजवलंत तर लिक्विड पातळ होतं आणि तेलापर्यंत पोचत नाही. मग कोमट ते गरम पाण्यात, हाताला सोसेल इतक्या, धुवा. थंड पाण्याने खोबरेल निघत नाही. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं, बाटलीत पांढरं होतं ते आपण दरवर्षी बघतोच. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात नळाच्या पाण्यात ते सुतातही तसंच थिजून बसतं. तिळाचं आणि बदामाचं तेल थिजत नाही, पण खोबरेलाच्या मानाने लवकर खवटतं आणि लवकर पिवळं पडतं, म्हणजे सुटका कुठल्याच तेलात नाही. पांढऱ्या सुती कपड्यांसाठी गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजत ठेवा. लोकर आणि रेशीम सोड्यात कधीही घालू नका, त्यांना रिठ्याचं पाणी. वाळल्यावर थेंबाची परीक्षा पुन्हा. थेंब थांबला तर सगळं पुन्हा. कंटाळा येतो, मान्य आहे. तरीही पुन्हा.

आणि तेल निघाल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री फिरवू नका. उष्णतेने डाग पक्का होतो.

दुधाचं मात्र उलटं आहे. बाळाने काढलेलं दूध, लाळ, मऊ भात-वरण, अंडं या सगळ्यांत प्रथिनं असतात, आणि गरम पाण्याने ती सुताला घट्ट धरतात. तिथे आधी गार पाणी, मग एन्झाइमवाली पावडर घालून भिजवणं, आणि तेलासाठीचं गरम पाणी त्यानंतर. म्हणजे क्रम असा की गार पाण्याने दूध, मग कोमट पाण्याने तेल. गळ्यापाशी दोन्ही एकाच जागी असतात, म्हणून क्रम चुकवू नका. हळदीचा डाग साबणाने लालसर होतो, घाबरू नका. ओला कपडा दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकला की हळद उडते. तेल उन्हाने उडत नाही, उलट ऊन आणि हवा लागून आणखी खवटतं. तेव्हा तेलकट कपडा उन्हात टाकून काम झालं असं समजू नका. क्लोरीनचं ब्लीच लोकर, रेशीम आणि लायक्रा असलेल्या कपड्यांना पिवळं करतं, तिथे ते नकोच.

शेवटच्या धुण्याला खळ नको. कसर खळीवर येते आणि खळीबरोबर कापडही खाते. कपडे मऊ करणारं सुगंधी लिक्विडही नको, त्याचा थर सुतावर बसतो. दोनदा साध्या पाण्यातून काढा म्हणजे साबण राहत नाही.

वाळवणं. पावसाळ्यात कपडे भरून ठेवू नका, एवढं ऐकाच. श्रावणात दोरीवर दोन दिवस राहिलेला कपडा हाताला कोरडा लागतो, पण शिवणीत, गळ्याच्या दुहेरी पट्टीत आणि इलॅस्टिकच्या नेफ्यात ओल असते, आणि बंद डब्यात तेवढी ओल बुरशीला पुरते. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतची कोरडी हवा या कामासाठी आहे, मे महिन्यातलं ऊनही चालेल. मुलाला जुलैत कपडे लहान व्हायला लागले तर ते कपडे धुऊन, तेल काढून, सुती पिशवीत घालून हवेशीर जागी टांगून ठेवा, आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळवून मग डब्यात भरा. उन्हातून काढलेला गरम कपडा लगेच घडी घालून बंद करू नका, तासभर पंख्याखाली पसरू द्या.

यानंतरची गोष्ट सगळ्यांत गंभीर आहे. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या घालू नका. एकही नाही, कोपऱ्यातही नाही, कागदात गुंडाळूनही नाही. या गोळ्यांमध्ये बहुतेकदा नॅफ्थलीन असतं. त्याची वाफ कापडात मुरते आणि अंगावर चढवलेल्या कपड्यातून श्वासावाटे आणि त्वचेवाटे बाळाच्या शरीरात जाते. जी६पीडी या विकराची (शरीरातल्या एका एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळात त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्याने वाढते. अशा गोळ्यांतले कपडे आणि पांघरुणं वापरून नवजात बाळं गंभीर आजारी पडल्याच्या आणि दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ही कमतरता जन्मजात असते, मुलग्यांत जास्त आढळते, आणि बहुतेक घरांत ती आहे की नाही हे कोणाला ठाऊकही नसतं. त्यात बाळाच्या अंगाला तेल असेल तर नॅफ्थलीन त्वचेतून अधिक शिरतं. म्हणजे आपली रोजची मालिश आणि गोळ्यांतलं झबलं ही जोडी फारच वाईट. आजीच्या कपाटातली गोधडी प्रेमाने येते, पण तिला गोळीचा वास असेल तर पहिले काही महिने ती बाळाजवळ नेऊ नका. धुऊन, चांगलं ऊन दाखवून, वास पूर्ण गेल्यावरच. मोठ्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका, कारण सांगितलं की तेही ऐकतात. कापूरही नको. तो पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, आणि घरात रांगणारं मूल असणारच आहे.

मग किड्यांचं काय? कपडा खरोखर स्वच्छ असणं हेच बहुतेक काम करतं. लोकर खाणारे किडे घाम आणि खाण्याचे डाग असलेल्या जागा आधी धरतात. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाचा तुकडा पुरचुंडीत बांधून डब्याच्या कडेला ठेवा, कापडाला लागू देऊ नका, डाग पडतात. त्यावर फार भिस्तही ठेवू नका. वर्षातून एकदा सगळं बाहेर काढून झटकणं त्याहून जास्त उपयोगी.

डबा म्हणाल तर मुंबईत आणि कोकणात घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा, आत सिलिका जेलच्या पुड्या घालून. पुड्या जाळीच्या पिशवीत शिवून टाका, सुट्या नकोत. देशावर, कोरड्या हवेत, जुन्या सुती साडीचं गाठोडंसुद्धा छान टिकतं. पत्र्याची ट्रंक असेल तर आतून धुतलेली चादर अंथरा, गंजाचा डाग निघत नाही. खोका नको, पुठ्ठ्याच्या डिंकावर झुरळं आणि कसर येतात. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. दुकानातून आलेल्या पातळ पिशव्या नकोत. बाहेरच्या भिंतीला टेकलेला माळा पावसात ओल धरतो, त्यापेक्षा दिवाणाची पेटी बरी.

भरताना झिप आणि वेल्क्रो बंद करा. टिचबटणं लोखंडी असतील तर त्यावर पातळ कापडाचा तुकडा ठेवून घडी घाला. छातीवर रबरी चित्र असलेले टी-शर्ट उलटे करून ठेवा, उन्हाळ्यात एकाचं चित्र दुसऱ्याला चिकटतं. जड कपडे खाली. खणाचं परकर-पोलकं, रेशमी कुंची आणि जरीचं काहीही वेगळ्या मलमलच्या कापडात, जरी आत येईल अशी घडी घालून ठेवा, आणि सहा महिन्यांनी घडी बदला, नाहीतर रेशीम घडीवरच विरतं. हे कपडे अंगात घालायच्या आधी बाळाला तेल लावलेलं असतंच, विशेषतः बारशाच्या दिवशी सगळ्यांच्या हातांत फिरताना. कुंचीचा डोक्याचा भाग नीट बघा. रेशमातलं तेल घरी काढू नका, ड्रायक्लीनिंगला द्या आणि डाग कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा. बोरन्हाणाचं काळं झबलं ठेवाल तेव्हा हलव्याचे दागिने त्याच्याबरोबर ठेवू नका, साखर आहे ती, मुंग्या येतील. काळ्यावर तेल दिसत नाही, म्हणून त्यालाही थेंबाची परीक्षा.

चिठ्ठी लावताना फक्त «सहा महिने» असं लिहून उपयोग नाही. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. खांद्यापासून खालपर्यंतची लांबी आणि छाती मोजून लिहा, आणि कोणत्या ऋतूत वापरलं तेही. मोठी मुलगी दिवाळीत झालेली असेल आणि धाकटा वैशाखात येणार असेल तर तिचं संक्रांतीतलं इवलंसं स्वेटर त्याला कधीच होणार नाही. त्याची पहिली थंडी येईल तेव्हा तो सात-आठ महिन्यांचा असेल. अशी स्वेटरं ज्या घरात हिवाळ्यात बाळ येणार आहे तिथे आत्ताच द्या. चिठ्ठी डब्याच्या पुढच्या बाजूला लावा, झाकणावर लावली तर वर दुसरा डबा आला की दिसत नाही. एका डब्यात एकच माप.

शाळेचे गणवेश: धाकटा त्याच शाळेत जाणार हे नक्की असेल तरच. पट्टे, टाय ठेवा, सॉक्स टाका. रेनकोट ठेवू नका, तीन वर्षांत चिकटतो.

काढताना. बाळ यायच्या महिनाभर आधी काढा, नवव्या महिन्यात वाकून ट्रंक ओढायला लावू नका कोणाला, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी काढा. एकदा धुवा, ऊन दाखवा. इलॅस्टिक ताणून बघा, कुरकुरलं की बदला, सेफ्टी पिनने ओवता येतं. गळ्याच्या नाड्या कापून टाका. कुंचीचे मणी आणि बटणं ओढून बघा, सैल असेल ते काढूनच टाका, पुन्हा शिवत बसू नका. मोठ्या मुलाचा जीव असलेला एखादा टी-शर्ट धाकट्याच्या अंगात घालण्याआधी मोठ्याला विचारा, आणि तो नाही म्हणाला तर तो कपडा त्याच्या कप्प्यात परत ठेवा.